ऑफिसचा पीसी घरून चालवायचा आहे: रिमोट डेस्कटॉप जोडणी आणि तिची दुखणी

लेखापाल_फोर्ट · बुधवार, रात्री ९:४८

फोर्टात हिशेबतपासनिसाचं छोटं ऑफिस आहे. तीन पीसी, तिन्हींवर विंडोज ११ प्रो. काम करणारे डोंबिवली, विरार आणि चेंबूरचे. पाऊस धरला किंवा लोकल बंद पडल्या की दिवस फुकट जातो, म्हणून घरून ऑफिसच्याच पीसीवर काम करायचं आहे. अशिलांच्या फायली घरच्या लॅपटॉपवर उतरवायच्या नाहीत. घरचे लॅपटॉप विंडोज ११ होम. ऑफिसचं इंटरनेट म्हणजे बिल्डिंगमधल्या केबलवाल्याचं फायबर.

सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू केलं. ऑफिसातल्या ऑफिसात एका पीसीवरून दुसऱ्यावर जाता येतं. फक्त सोमवारी सकाळी एका पीसीवर तारीख-वेळेत फरक असल्याची तक्रार येते, तासाभराने आपोआप जाते. घरून मात्र काहीच लागत नाही. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार) फॉरवर्ड केला, तरी तेच. शिवाय सह्यांचं डीएससी टोकन (डिजिटल सहीची यूएसबी काडी) ऑफिसच्या पीसीला लावलेलं असतं, ते घरून चालेल का?

तारेवरची_कसरत · बुधवार, रात्री १०:२०

पोर्ट फॉरवर्ड आधी काढा. तो चालला नाही हे नशीब समजा.

राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटसखाली जो आयपी दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच इंटरनेटवर ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर सार्वजनिक आयपी तुमचा. वेगळे असतील आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एक सार्वजनिक आयपी केबलवाल्याने अनेक ग्राहकांत वाटलाय. तुमच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग म्हणजे फ्लॅटची कडी काढून ठेवणं, पण सोसायटीचं गेट बंद आणि किल्ली केबलवाल्याकडे. मोबाइल हॉटस्पॉटची सहसा हीच गत.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर वेगळी गोष्ट: केबलवाल्याचा फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करतोय आणि त्यामागे तुमचा दुसरा राउटर आहे. तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेता येतो, पण त्यावरही सीजीनॅट असेल तर हाती काही लागत नाही.

जुगाडू · बुधवार, रात्री १०:४१

केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या आणि पोर्ट ३३८९ ऐवजी ५३३८९ ठेवा. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) पोर्टनंबर बदलला की झालं. कोणाला सापडत नाही.

सर्व्हररूम_मावशी · बुधवार, रात्री ११:०५

सापडतं हो. इंटरनेटभर पोर्ट चाळत बसलेले प्रोग्रॅम क्रमांकाकडे बघतच नाहीत, उत्तराची ढब बघतात. आरडीपी (रिमोट डेस्कटॉपची बोली) पहिल्याच नमस्कारात आपण कोण ते सांगून टाकतो. पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, धोका नाही. पासवर्ड मजबूत असला तरी खात्री नाही: मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची चूक निघाली, सीव्हीई-२०१९-०७०८, त्यात लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला होता. ती चूक विंडोज १० आणि ११ मध्ये नव्हती, पण पुढची कुठे असेल ते कोणी सांगावं? दुसऱ्यांच्या विवरणपत्रांचा कारभार असलेल्या ऑफिसने आरडीपी रस्त्यावर उघडा ठेवू नये. याला माझ्याकडे पर्याय नाही.

लेखापाल, तुमच्यासाठी मधे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा) घाला. सीजीनॅटमागे स्वतःचा वायरगार्ड सर्व्हर चालवायचा तर बाहेर कुठेतरी भाड्याचा सर्व्हर लागेल. त्यापेक्षा टेलस्केल किंवा झीरोटियर सोपं. दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात आणि मधे भेटतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. टेलस्केलचं सांगते.

ऑफिसच्या तिन्ही पीसींवर आणि घरच्या लॅपटॉपांवर ते बसवा. ज्या खात्याने साइन-इन कराल त्याला दुहेरी पडताळणी लावाच, नाहीतर ते खातं गेलं की सगळं गेलं. मोफत योजना वैयक्तिक वापरासाठी असते, ऑफिसचं काम असेल तर अटी वाचून पैसे भरा. प्रत्येक मशीनला १००.६४.०.०/१० या पट्ट्यातला आयपी मिळेल. हो, सीजीनॅटचाच पट्टा, दोन्हींत गल्लत करू नका. ऑफिसच्या पीसींवर आणखी दोन गोष्टी: घड्याळाजवळच्या आयकॉनच्या प्रेफरन्सेसमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा, म्हणजे रीस्टार्टनंतर कोणी लॉगिन केलं नसतानाही जोडणी राहते. आणि टेलस्केलच्या ॲडमिन पानावर त्या पीसींची 'की एक्स्पायरी' बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते. जूनमध्ये बसवलेलं डिसेंबरात बंद पडतं आणि कारण कोणाला आठवत नाही.

मग फायरवॉल आवळा. विंडोज डिफेंडर फायरवॉलची ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवाली खिडकी, इनबाउंड रूल्स, त्यात रिमोट डेस्कटॉप युझर मोडचे टीसीपी-इन आणि यूडीपी-इन असे दोन नियम. दोन्हींच्या स्कोपमध्ये रिमोट आयपी म्हणून १००.६४.०.०/१० आणि ऑफिसचा स्वतःचा पट्टा, एवढंच ठेवा.

होम आवृत्तीबद्दल विचाराल म्हणून: होमवर आरडीपीने कोणाला आत घेता येत नाही, पण होमवरून बाहेर दुसऱ्या पीसीवर जाता येतं. तुमची मांडणी बरोबर आहे, घरी प्रो घ्यायची गरज नाही.

चाकरमानी · गुरुवार, सकाळी ८:१२

एवढा खटाटोप कशाला? ऍनीडेस्क टाका, नऊ आकडी नंबर द्या, काम सुरू.

शून्य_एक · गुरुवार, सकाळी ९:३०

चालतं, पण ऑफिसच्या रोजच्या वापराला मोफत परवाना नाही, आणि व्यावसायिक वापराचा संशय आला की ऐन वेळी सेशन तुटतात. अधूनमधून कोणाला मदत करायची तर विंडोजमधलंच क्विक असिस्ट पुरतं: कंट्रोल + विंडोज + क्यू, मदत करणाऱ्याने कोड काढायचा, समोरच्याने टाकायचा. कोड दहा मिनिटांत शिळा होतो.

अवांतर, पण लिहितोच. 'आज रात्री वीज तोडणार' किंवा 'केवायसी संपली' असा फोन करून रिमोट ॲप बसवायला लावणारे याच साधनांवर जगतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच ऍनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: समोरून फोन करणाऱ्याला कोड किंवा नंबर द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

लेखापाल_फोर्ट · गुरुवार, रात्री ८:५५

राउटरवर १००.७ ने सुरू होणारा आकडा दिसतोय आणि ब्राउझरमध्ये वेगळाच, म्हणजे सीजीनॅटच ना? फॉरवर्डिंग काढलं. मावशींनी सांगितल्याप्रमाणे टेलस्केल बसवलं. आता चेंबूरहून पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी येते, पण बरोबर पासवर्ड टाकूनही 'क्रेडेन्शियल्स चालली नाहीत'. डोंबिवलीहून तेवढंही नाही, पिंगलाही उत्तर नाही.

तारेवरची_कसरत · गुरुवार, रात्री ९:०२

दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तरच. म्हणजे १००.७० वगैरे असेल तर हो, १००.७.काहीतरी असेल तर तो सार्वजनिक पट्टा आहे.

लेखापाल_फोर्ट · गुरुवार, रात्री ९:०४

१००.७२ आहे.

शून्य_एक · गुरुवार, रात्री ९:४०

मग सीजीनॅट. दोन घरांची दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका.

डोंबिवली आधी. पिंगवरून निष्कर्ष काढू नका, फायरवॉल पिंग अडवते आणि आरडीपी सोडते, असं होतं. पोर्ट तपासा. घरच्या लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे ऑफिसच्या पीसीचा टेलस्केल आयपी, पुढे -पोर्ट ३३८९. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमनच. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा, दुखणं नावा-पासवर्डात. 'फॉल्स' आलं तर ऑफिसच्या त्या पीसीवर नेटस्टॅट -एएन चालवून ३३८९ पुढे 'लिसनिंग' आहे का बघा. नसेल तर रिमोट डेस्कटॉपच बंद आहे किंवा सेवा चालू नाही. असेल तर मधे फायरवॉल. स्कोपमध्ये आकडा चुकला असेल, किंवा बाहेरच्या अँटिव्हायरसने स्वतःची फायरवॉल बसवली असेल. ती विंडोजच्या नियमांना विचारत नाही.

चेंबूर. तिथे रस्ता ठीक आहे, दार ओळखत नाही. नेहमीची कारणं, जास्त संभव असलेलं आधी:

पिन. रोज ज्या चार-सहा आकड्यांनी पीसी उघडता तो पिन आहे, पासवर्ड नव्हे. तो फक्त त्या पीसीसमोर बसल्यावर चालतो, आरडीपीत खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

मायक्रोसॉफ्ट खातं. पीसी त्या खात्याने उघडत असाल तर युझरनेममध्ये मायक्रोसॉफ्टअकाउंट, मग उलटी तिरपी रेघ, मग ईमेल. त्यात एक खाचखळगा आहे: विंडोज ११ मध्ये खातं पहिल्यापासून हॅलो-पिनने वापरलं असेल तर पीसीला तो पासवर्ड कधी दिसलेलाच नसतो. सेटिंग्ज → अकाउंट्स → साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलोने साइन-इन' हा खटका बंद करा, साइन-आउट करा आणि एकदा पासवर्ड टाकून आत या. मग घरून चालेल.

रिकामा पासवर्ड. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि घेऊही नये.

गट. खातं ॲडमिन नसेल तर सेटिंग्जच्या रिमोट डेस्कटॉप पानावरच्या 'रिमोट डेस्कटॉप युझर्स'मध्ये त्याचं नाव हवं.

माझ्या मते या चारांशी झगडण्यापेक्षा प्रत्येक पीसीवर एक साधं लोकल खातं करा, ॲडमिन नसलेलं, लांब पासवर्डचं, आणि त्या गटात घाला. लॉगिन करताना पीसीचं नाव, उलटी तिरपी रेघ, खात्याचं नाव. कामाच्या फायली दोन्ही खात्यांना दिसतील अशा फोल्डरमध्ये ठेवा.

एनएलए (लॉगिनचा पडदा दाखवण्याआधीच ओळख तपासणं) बंद करून बघू नका. अनेक व्हिडिओंत पहिला उपाय तोच सांगतात. त्याने चूक सापडत नाही, नुसती ओळख तपासायच्या आधी लॉगिनचा पडदा उघडा पडतो.

लेखापाल_फोर्ट · शुक्रवार, रात्री १०:१५

चेंबूरचं पिनच होतं. डोंबिवलीवाल्याच्या पीसीवर जुना अँटिव्हायरस, मुदत संपलेला, पण फायरवॉल चालूच. काढला. दोघे आत. विरारहून वेगळंच: लॉगिन होतं, पडदा काळा होतो, अर्ध्या मिनिटात सेशन तुटतं. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नीट चालतो.

तारेवरची_कसरत · शुक्रवार, रात्री १०:५०

हॉटस्पॉटवर चालतं हे लिहिलंत ते फार कामाचं. म्हणजे ऑफिसचा पीसी निर्दोष, विरारच्या ब्रॉडबँडचा रस्ता संशयित.

आरडीपी लॉगिनपर्यंत टीसीपीवर चालतो. मग चित्रं पाठवायला यूडीपी ३३८९ वर दुसरी जोडणी उघडायला बघतो. रस्त्यात मोठी पाकिटं गिळली जात असतील तर लॉगिन छोट्या पाकिटांत निभावतं आणि चित्र सुरू झालं की काळोख. पीपीपीओई (नाव-पासवर्डाने लागणाऱ्या ब्रॉडबँड) जोडणीत पाकीट १४९२ बाइटांचं, साध्या इथरनेटच्या १५०० पेक्षा आठ कमी. वायरगार्डचं मूळ माप १४२०, टेलस्केलचं १२८०. टेलस्केलमुळे अडायला नको, पण घरच्या राउटरच्या वॅनमध्ये कोणी भलताच एमटीयू (पाकिटाचं कमाल माप) टाकला असेल तर तो आधी पूर्ववत करा.

नंतर यूडीपी बंद करून बघा. लॅपटॉप होम असल्याने ग्रुप पॉलिसीचा एडिटर नाही, रेजिस्ट्रीतून करायचं: एचकेएलएम → सॉफ्टवेअर → पॉलिसीज → मायक्रोसॉफ्ट → विंडोज एनटी → टर्मिनल सर्व्हिसेस → क्लायंट. शेवटचे फोल्डर नसतील तर बनवा. त्यात डीवर्ड, नाव एफ-क्लायंट-डिसेबल-यूडीपी सगळं जोडून, रेघा न देता, किंमत १. जोडणी लागली की पूर्ण पडद्यावर वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या दांड्यांवर क्लिक करा, यूडीपी चालू आहे की नाही ते तिथे कळतं.

तरीही काळं राहिलं तर दुखणं ऑफिसच्या पीसीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरकडे सरकतं. तो प्रो आहे, तिथे ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हर वापरण्याची पॉलिसी 'डिसेबल्ड' करून रीस्टार्ट. पण हॉटस्पॉटवर चालतंय, म्हणजे तुम्हाला तिथवर जावं लागू नये.

टेलस्केल स्टेटस ही आज्ञाही चालवा. समोर 'डायरेक्ट' असेल तर उत्तम, 'रिले' असेल तर सगळा प्रवास मधल्या सर्व्हरवरून चाललाय आणि माऊस चिकट वाटणार. ऑफिसकामाला वेग फार लागत नाही, उशीर कमी लागतो. १०० एमबीपीएसची फुशारकी इथे उपयोगाची नाही, ३० मिलिसेकंद आणि २०० मिलिसेकंद यांतला फरक मात्र प्रत्येक अक्षराला कळतो.

जुगाडू · शुक्रवार, रात्री ११:२०

मी स्वतःचा वायरगार्ड वापरतो. जोडणी हिरवी, पण ऑफिसचा १९२.१६८.१.१० लागत नाही. घरचा राउटर १९२.१६८.१.१.

तारेवरची_कसरत · शुक्रवार, रात्री ११:२४

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ पट्टा. लॅपटॉपला वाटतं .१० घरातच आहे, तो बोगद्याकडे बघतच नाही. ऑफिसचा पट्टा १९२.१६८.५७ असा कोणी सहसा न ठेवणारा करा आणि वायरगार्डच्या अलाउड आयपीजमध्येही तो बदला.

चाकरमानी · शनिवार, दुपारी १:०५

हे सगळं वाचून मीही ऍनीडेस्क सोडून बसवलं. लागलं. पण मराठी टाइप करताना भलतीच अक्षरं उमटतात. घरी इनस्क्रिप्ट, ऑफिसातही इनस्क्रिप्ट, तरी.

सर्व्हररूम_मावशी · शनिवार, दुपारी १:४०

आरडीपी लागताना घरच्या लॅपटॉपचा त्या क्षणीचा कीबोर्ड ऑफिसच्या पीसीवर लादला जातो. घरी इंग्रजी असताना जोडलंत की तिकडे इंग्रजीचा एक नवा लेआउट यादीत घुसतो आणि भाषापट्टीत दिसतं एक, उमटतं दुसरं. ऑफिसच्या पीसीवर एचकेएलएम → सिस्टम → करंटकंट्रोलसेट → कंट्रोल → कीबोर्ड लेआउट इथे डीवर्ड करा: इग्नोअर-रिमोट-कीबोर्ड-लेआउट, हेही जोडून, किंमत १. रीस्टार्ट. मग ऑफिसचा पीसी स्वतःचीच यादी पाळतो.

आणि जोडणीच्या खिडकीत लोकल रिसोर्सेसमध्ये विंडोज-कीच्या जोड्या 'रिमोट कॉम्प्युटरवर' असं निवडा. नाहीतर विंडोज + स्पेसने घरची भाषा बदलते, ऑफिसची नाही. आता आठवलं म्हणून: कंट्रोल + ऑल्ट + डिलीटच्या जागी तिकडे कंट्रोल + ऑल्ट + एंड. आणि कॉपी-पेस्ट अचानक मेलं तर ऑफिसच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप संपवून पुन्हा चालवा, सेशन तोडायची गरज नाही.

चाकरमानी · शनिवार, दुपारी २:३०

दंडवत मावशी. 'ज्ञ' परत आला.

लेखापाल_फोर्ट · शनिवार, दुपारी ३:१०

विरार चालू झालं, यूडीपी बंद केल्यावर. आता टोकन. ऑफिसच्या पीसीला लावलेलं आहे, घरून आत शिरल्यावर सही करायला गेलं की 'टोकन सापडलं नाही'. पीसीसमोर बसलं की सापडतं.

शून्य_एक · शनिवार, संध्याकाळी ५:००

हा बिघाड नाही, आरडीपी असाच घडवलेला आहे. डीएससी टोकन विंडोजला स्मार्टकार्ड म्हणून दिसतं. आरडीपी सेशनमधून स्मार्टकार्डची विचारणा झाली की ती ऑफिसच्या यूएसबीकडे जात नाही, जो समोर बसलाय त्याच्या मशीनकडे, म्हणजे घरच्या लॅपटॉपकडे वळवली जाते. हेतू असा की कार्ड माणसाजवळ असावं. म्हणून ड्रायव्हर पुन्हा बसवून, यूएसबीची भोकं बदलून काही होणार नाही.

मार्ग तीन. सगळ्यात सरळ: टोकन ज्याच्या नावाचं आहे त्याच्याजवळ घरी ठेवा, आणि पोर्टलवरची सही घरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधूनच करा. सहीची युटिलिटी तिथे बसवायची. त्या एका कामासाठी रिमोट लागतच नाही.

दुसरा: टोकन घरच्या लॅपटॉपला, जोडणीच्या लोकल रिसोर्सेस → मोअरमध्ये स्मार्टकार्ड्सवर खूण, आणि टोकनचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे. सेशनच्या आतल्या पीसीला मग टोकन दिसतं. काही टोकनांचं सॉफ्टवेअर रिमोट सेशन ओळखून नकार देतं, तिथे हा मार्ग खुंटला.

तिसरा: टोकन ऑफिसातच हवं असेल तर आरडीपी सोडा आणि प्रत्यक्ष पडदा दाखवणारं साधन वापरा, क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क. त्यांत तुम्ही पीसीसमोर बसल्यासारखेच असता, म्हणून टोकन सापडतं. मॉनिटर काढलेल्या पीसीवर ही साधनं काळा किंवा अगदी छोटा पडदा देतात, त्यासाठी एचडीएमआयचा डमी प्लग लॅमिंग्टन रोडला मिळतो. आरडीपीला मॉनिटर लागत नाही.

टीएसकॉन आज्ञेने आरडीपी सेशन ऑफिसच्या पडद्यावर ढकलायची युक्ती कोणीतरी सांगेल. ती चालते, पण ऑफिसातला पडदा उघडा राहतो, टोकनसकट. करू नका.

आणि एक. टोकन अशिलाचं असेल आणि पासवर्डासकट ऑफिसच्या खणात पडलेलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४२ वाचा. खाजगी की आपल्या ताब्यात ठेवणं ही धारकाची जबाबदारी आहे.

लेखापाल_फोर्ट · शनिवार, संध्याकाळी ५:२५

कलमाचं कळलं. पहिला मार्ग धरतो. एकाच पीसीवर दोघांना एकाच वेळी काम करता येईल का? आणि छपाई?

शून्य_एक · शनिवार, संध्याकाळी ५:४०

नाही. प्रोवर एका वेळी एकच. दुसरा शिरला की पहिला बाहेर. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकाचा आरडीएस परवाना लागतो. फायली फिरवून ही मर्यादा उडवणारे जुगाड परवान्याविरुद्ध आहेत आणि अपडेट आला की मोडतात. ज्याचा त्याचा पीसी ज्याने त्याने वापरावा. छपाई: लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटर्सवर खूण करा, घरचा प्रिंटर तिकडच्या यादीत येतो.

सर्व्हररूम_मावशी · शनिवार, संध्याकाळी ६:१०

आता मुख्य. ऑफिसात कोणी नसताना पीसी जिवंत राहायला हवा. प्लगवर असताना स्लीप 'नेव्हर'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला बंद करू द्या' ही खूण काढा. बायोसमध्ये 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असेल तिथे 'पॉवर ऑन', म्हणजे वीज गेली-आली की पीसी आपण उठतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तशा दिवशी यूपीएस पुरत नाही, हीच सेटिंग कामाला येते.

यूपीएसमुळे होणारा एक घोळ: यूपीएसच्या सॉफ्टवेअरने पीसी शहाण्यासारखा बंद केला आणि बॅटरी संपायच्या आत वीज आली, तर मदरबोर्डच्या दृष्टीने वीज गेलीच नाही. तो उठत नाही. अशा वेळी वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी जागा करणं: वायरच्या जोडणीवर, बायोसमध्ये चालू करून, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून. जागं करणारं १०२ बाइटांचं पाकीट ऑफिसच्या आतूनच सुटायला हवं. राउटरमध्ये सोय असते, नाहीतर जागा असलेल्या दुसऱ्या पीसीवरून.

उद्या मेगाब्लॉक आहे, कोणी ऑफिसात फिरकणार नाही. उद्याच चाचणी घ्या.

लेखापाल_फोर्ट · रविवार, सकाळी ११:३०

काल संध्याकाळी सगळं करून निघालो. शिपायाने सवयीने शनिवारचा मेन स्विच बंद केला. आज सकाळी वॉचमनकडून चालू करून घेतला. दोन पीसी आपोआप उठले, दोन्हींवर घरून लॉगिन झालं. तिसरा टेलस्केलमध्ये 'ऑफलाइन'. वॉचमनने पडद्याचा फोटो पाठवला: काळ्या पडद्यावर इंग्रजीत, 'सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ-वन दाबा'.

तारेवरची_कसरत · रविवार, सकाळी ११:४२

तारखेची तक्रार करणारा सोमवारचा पीसी हाच ना?

लेखापाल_फोर्ट · रविवार, सकाळी ११:४५

हाच. आत्ता चौकशी केली, सोमवारी जो आधी येतो तो एफ-वन दाबतो म्हणे. कोणी कधी बोललंच नाही.

सर्व्हररूम_मावशी · रविवार, दुपारी १२:२०

मदरबोर्डवरचा सेल मेलाय. सीआर२०३२, नाण्याएवढा. आठवडाभर मेन चालू असतो तेव्हा पीसी बंद असला तरी बोर्डाला थोडी वीज मिळते, म्हणून कळत नाही. शनिवारी मेन बंद झाला की घड्याळ आणि बायोस दोन्ही विसरतात. सोमवारी चुकीच्या तारखेवर विंडोज उठतं, आरडीपीचं प्रमाणपत्र त्या तारखेला जुळत नाही, तक्रार येते. इंटरनेटवरून वेळ मिळाली की थांबते. चुकीच्या तारखेवर टेलस्केललाही स्वतःच्या सर्व्हरशी नीट बोलता येत नाही.

सेल बदलण्याआधी त्या पीसीची बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की छापून हाताशी ठेवा. बायोस मूळपदावर गेलं की काही बोर्डांवर टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) बंद होतो आणि विंडोज ती अठ्ठेचाळीस आकडी की मागतं. पीसीचा प्लग भिंतीतून काढा, सेल बदला, अधिकच्या खुणेची बाजू वर. मग बायोसमध्ये पुन्हा एकदा: तारीख, टीपीएम चालू, पॉवर ऑन, वेक-ऑन-लॅन. काल तुम्ही भरलेलं सगळं त्या पीसीपुरतं पुसलं गेलंय. 'वेट फॉर एफ-वन इफ एरर' असेल तर डिसेबल्ड करा, म्हणजे कीबोर्ड निसटला तरी पीसी अडून बसत नाही.

लेखापाल_फोर्ट · रविवार, दुपारी १२:४०

की छापली, मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. सेल उद्या आणतो. तिन्ही पीसी एकाच वयाचे आहेत, तीन आणतो. शिपायाला मेन बंद करू नको म्हणून सांगावं तर आगीच्या भीतीने मालकांचाच तसा हुकूम आहे.

तारेवरची_कसरत · रविवार, दुपारी १:०५

हुकूम बरोबरच आहे, मोडू नका. वायरमनकडून पीसी, राउटर आणि केबलवाल्याचा डबा यांच्यासाठी वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) काढून घ्या, मेन स्विचच्या आधीच्या बाजूने, स्वतःच्या आरसीसीबीसकट (वीज गळाली की तोडणारा स्विच). एसी, दिवे, पाण्याचा कूलर शनिवारी खुशाल बंद होऊ देत. डबा विसरू नका, बहुतेकदा तोच दाराबाहेर जिन्यातल्या प्लगवर असतो आणि पीसी जागे राहूनही ऑफिस आंधळं होतं.